पुसलेल्या रेघेची सावली

विंचूरच्या आमच्या जुन्या घरात ओसरीतून माजघरात जाताना दारावर एक लाकडी कमान लागते. कमानीत पाच तावदानं आहेत. कडेची दोन निळी, त्यांच्या आतली दोन लाल आणि मधलं बिनरंगी. या मधल्या तावदानावर गुलाबाची एक फांदी रंगवलेली होती. फूल पिवळं, पानांच्या शिरा, काटे आणि पाकळ्यांच्या कडा बारीक काळ्या रेघांनी काढलेल्या. सकाळचं ऊन ओसरीतून आत आलं की माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर लाल-निळे कवडसे पडत आणि त्यांच्या मधोमध ते फूल. आम्ही मुलं त्या फुलावर पाय देत नसू.

मी तेरा वर्षांची असताना दिवाळीच्या साफसफाईत ही कमान माझ्या वाट्याला आली. शिडीवर चढले, चुलीतली राख नारळाच्या ओल्या शेंडीवर घेतली आणि भांडी घासावीत तशी काच घासली. निळी, लाल तावदानं लखलखली. मधलं घासताना करडं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मला वाटलं, केवढा मळ साठला होता! तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, तर पानं नव्हती, काटे नव्हते. आकार हरवलेला एक पिवळा डाग तेवढा काचेत राहिला होता.

घरात कुणी रागावलं नाही. थोरले काका एवढंच म्हणाले, "रंग कच्चा होता गं." ते मला पटलं नाही. एकाच काचेवरचा, एकाच राखेनं घासलेला पिवळा जागचा हलला नव्हता आणि काळा मात्र सगळा गेला होता. कच्चा असेल तर दोन्ही कच्चे हवेत. पुढे मी चित्रकला शिकले, शाळेत शिकवली, तरी हे कोडं सुटायला बरीच वर्षं गेली.

'रंगीत काच' म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावात गुंडाळतो, तिथे सगळा घोटाळा होतो. पहिली म्हणजे रसातच रंगलेली काच. भट्टीतल्या वितळलेल्या काचेत कोबाल्टचा जरासा अंश पडला की ती निळी होते. फोडा, कापा, घासा, ती आरपार निळीच. लाल काचेची तऱ्हा वेगळी. तांब्यानं रंगलेला लाल रस इतका गडद असतो की नेहमीच्या जाडीचं तावदान केलं तर ते काळंच दिसेल. म्हणून जुने कारागीर बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवत. अशा फुटलेल्या तुकड्याची कड डोळ्याजवळ धरून पाहा: सगळी जाडी पांढुरकी आणि एका बाजूला लाल रेघ, साडीच्या काठासारखी.

दुसरी गोष्ट म्हणजे चांदीचा पिवळा. चांदीचा क्षार मातीत कालवून काचेच्या पाठीवर लावतात, भट्टीत तापवतात आणि गार झाल्यावर माती झटकून टाकतात. वर काहीच उरत नाही, कारण चांदी काचेच्या अंगात शिरलेली असते. फिकट लिंबापासून गडद केशरीपर्यंतच्या छटा यातून मिळतात. युरोपात ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली. 'स्टेन्ड ग्लास' या नावातला 'स्टेन' मुळात हाच, काचेत मुरलेला डाग.

तिसरी गोष्ट ती काळी-तपकिरी रेघ. लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड आणि लवकर वितळणाऱ्या काचेची पूड एकत्र खलायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि कुंचल्यानं लिहायची. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या साधूनं आपल्या कारागिरीच्या ग्रंथात ही पूड द्राक्षाच्या मद्यात किंवा मूत्रात खलायला सांगितली आहे. मग काच साधारण ६०० ते ६८० अंश सेल्सियसपर्यंत तापवायची. रंगातली काचपूड वितळते, खालच्या काचेचा पृष्ठभाग किंचित मऊ होतो आणि दोन्ही एकमेकांना धरतात. नीट भाजलेली रेघ आठ-आठ शतकं टिकल्याची उदाहरणं आहेत. कमी भाजली, तर ती काचेवर नुसती बसलेली असते. जोरात घासलं की उठून जाते.

माझा पिवळा गुलाब काचेच्या आत होता. पानं काचेच्या वर होती. कोडं इतकं साधं होतं.

हे रंगकाम मला कागदावरच्या चित्रापेक्षा अवघड वाटतं आणि त्याबद्दल मला अपार आदर आहे. आधी रेघा घालून भाजून घेतात. मग सगळ्या काचेवर करड्या रंगाचा पातळ हात फिरवतात आणि तो ओला असतानाच बॅजरच्या केसांच्या रुंद ब्रशनं हलके झटकारे देत एकसारखा करतात. वाळल्यावर काडीनं, सुईनं, ताठ केसांच्या ब्रशनं हवा तिथला थर खरवडून उजेड मोकळा करतात. कागद मुळात उजळ असतो, त्यावर आपण सावली घालतो. इथे सावली आधी पसरलेली असते, तिच्यातून गालाची गोलाई, दाढीचा एकेक केस, वस्त्राची चुणी कोरून काढावी लागते. जुन्या खिडकीतला चेहरा पुसला जातो तेव्हा जातो तो हा एका माणसाच्या हाताचा मागमूस. त्या जागी तशाच रंगाची नवी काच बसवून तो परत येत नाही.

हे सगळं मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं दिसलं ते मुंबईत. विंचूरहून निघायचं तर लासलगावला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची. ती जिथे थांबते ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून उभं राहिलं. तिथेही घुमटाखाली रंगीत काचा आहेत. फलाटावरून बाहेर धावणाऱ्या गर्दीला वर बघायला सवड नसते, एवढंच. तिथून फोर्टातून चालत गेलं की विद्यापीठ. भाचीच्या पदवीदान समारंभाला मी सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहात बसले होते. १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि ६३ फूट उंच असं हे दालन. वर चाकासारखी गोल खिडकी, तिच्या आऱ्यांच्या टोकांना बारा राशी. भाषणं चालली होती आणि मी मान वर करून आपली रास शोधत होते.

सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १ लाख रुपये दिले. शेजारचं ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला. ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख, आणि मनोऱ्याला नाव आईचं. दोन्ही इमारतींचे आराखडे लंडनमध्ये बसून सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं, मनोरा १८७८ मध्ये. मुंबईतल्या रंगीत काचांची गोष्ट त्याआधी सुरू होते. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ मध्ये खुलं झालं, त्याच्या मोठ्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातून आलेल्या. थंड, धुकट देशातल्या उजेडासाठी घडलेली ही काच समुद्रावरून आली आणि इथल्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, चार-चार महिन्यांच्या पावसात उभी राहिली.

तिचं काय बिघडतं? लोकांना वाटतं, काच म्हातारी होते. जुनी काच हळूहळू खाली वाहते, म्हणून ती तळाशी जाड असते, असं मीही शाळेत मुलांना सांगितलं आहे. ते खरं नाही. नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही. पूर्वी ती फुंकून, फिरवून, पसरून करत, त्यामुळे तिची जाडी मुळातच कमीजास्त असे. मध्ययुगीन युरोपातली लाकडाच्या राखेतल्या पोटॅशची काच ओलीनं खरोखर कुजते, तिला खळगे पडतात, पांढरी खपली धरते. आपल्याकडे आलेली एकोणिसाव्या शतकातली काच मात्र त्या मानानं दणकट आहे. आधी दमतं ते तिच्याभोवतीचं.

अशी खिडकी म्हणजे शेकडो तुकड्यांची गोधडी. प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवलेला. या पट्टीचा छेद घेतला तर दोन्हीकडे खाच दिसते, एका खाचेत एक तुकडा, दुसऱ्या खाचेत शेजारचा. पट्ट्या जिथे मिळतात तिथे कथील-शिशाचा डाख. आपल्याकडे दारात येणाऱ्या कल्हईवाल्याचा हात ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे काम लगेच समजेल: धातू नेमका किती तापला की धावतो आणि कधी हात आखडायचा, हे डोळ्यांनी ओळखायचं. शिसं ३२७ अंशाला वितळतं. डाख देणारी कांब जास्त तापली तर सांधा जुळण्याऐवजी पट्टीच गळून पडते. काच आणि शिसं यांच्यातली फट भरायला जवसाचं तेल, खडूची पूड आणि काजळी यांची लांबी. आणि सगळा भार पेलायला मागे आडव्या लोखंडी सळ्या.

ऊन लागलं की शिसं काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं. रोज दुपारी फुगायचं, रोज रात्री आकसायचं. शंभर-सव्वाशे वर्षांत पट्टी थकते, सांध्याजवळ चिरते आणि खिडकी पोट सुटल्यासारखी फुगते. लांबी वाळून गळते, त्या फटीतून पाऊस आत येतो. लोखंडी सळई गंजली की फुगते आणि भोवतालचा दगडही फोडते. त्यात कबुतरं, मैदानावरून येणारा चेंडू, आणि चांगल्या हेतूनं केलेली दुरुस्ती. माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान या शेवटच्यानंच होतं. फुटलेल्या तुकड्याच्या जागी बाजारात मिळाली ती खरबरीत यंत्रकाच, तड्यावर चिकटपट्टी, भोकात सिमेंट. सिमेंट काचेला असं आवळून धरतं की पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा तुकडाही तडकतो.

रंगलेल्या रेघेला आणखी एक शाप होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांनी काचेच्या रंगात टाकणखार मिसळायला सुरुवात केली. त्यामुळे रंग कमी आचेवर वितळे, सरपण वाचे, काच भट्टीत मोडण्याची भीती कमी होई. पण टाकणखार ओलीत विरघळतो. आतल्या बाजूला दव धरलं की रंग थोडाथोडा सुटू लागला आणि काही दशकांतच चेहऱ्यांवरचे डोळे-ओठ फिके पडले. विल्यम मॉरिससारख्या नामवंताच्या कारखान्यातल्या खिडक्याही यातून सुटल्या नाहीत. विंचूरच्या आमच्या तावदानाचं नेमकं काय झालं असेल, कमी भाजणं की टाकणखार, ते आता कोण सांगणार? पण दुखणं त्याच जातीचं.

आता दुरुस्ती. तिची सुरुवात हत्यारानं होत नाही, कागदानं होते. खिडकी जागेवर असतानाच समोरून पडलेल्या उजेडात आणि आरपार उजेडात तिचे फोटो घेतात. मग एकेक तक्ता उतरवतात, मेजावर आडवा ठेवतात, वर पातळ कागद पसरतात आणि मेणखडू घासतात. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच. शिशाच्या सगळ्या पट्ट्या कागदावर काळ्या उमटतात. हाच पुढचा नकाशा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, प्रत्येक तड्याची नोंद, मागच्या कुठल्या दुरुस्तीत कोणता तुकडा बदलला आहे त्याची खूण. तक्ता सोडवल्यावर दोनशे तुकडे मेजावर सुटे पडतात. हा कागद नसेल तर ते पुन्हा खिडकी होत नाहीत.

सगळंच शिसं काढावं का, हाही एक निर्णय असतो. जुनी पट्टीसुद्धा मूळ खिडकीचा भाग आहे. ती धड असेल तर सांधे सुधारून तिलाच उभं करतात. थकलेली असेल तरच बदलतात, तीही त्याच रुंदीची. रुंदी वाढली की चेहऱ्याची रेघ जाड व्हावी तसं सगळं चित्र भारी दिसायला लागतं.

मग सफाई. ही वाचताना मला दर वेळी माझी शेंडी आणि राख आठवते. मऊ केसांचा ब्रश, मग काडीला गुंडाळलेला कापूस, क्षार काढून टाकलेल्या पाण्यात ओलसर केलेला, ओला नव्हे. पाठ आणि पोट वेगळं हाताळायचं: रंग बहुधा आतल्या बाजूला असतो, तिथे आधी भिंगाखाली पाहून कोपऱ्यात चाचणी. कापसावर काळं आलं तर थांबायचं. तो मळ आहे की रेघ, हे ठरेपर्यंत पुढे जायचं नाही. सुटू लागलेला रंग असेल तर भिंगाखाली, केसाएवढ्या ब्रशनं, त्याच्या कडेला पातळ रेझिनचा थेंब सोडून तो जागीच पक्का करतात. काचेवरची आम्लं, तारेचा ब्रश, सोडा, यांतलं काही त्या खोलीत येतही नाही.

फुटलेला तुकडा टाकत नाहीत. पूर्वी तड्यावर शिशाची एक जादा पट्टी घालत. काच टिकायची, पण संताच्या गालावरून एक काळा ओहोळ वाहायचा. आता दोन मार्ग आहेत. एक तांब्याची पातळ पट्टी कडेला गुंडाळून डाख देण्याचा, त्यात रेघ अगदी बारीक राहते. दुसरा, कडेला कड लावून पारदर्शक एपॉक्सीनं जोडण्याचा. या एपॉक्सीची प्रकाश वाकवण्याची क्षमता काचेच्या जवळपास असते, म्हणून तडा जवळजवळ दिसेनासा होतो. पण एपॉक्सी उन्हानं पिवळी पडू शकते, म्हणून ती निवडताना आणि लावताना फार विचार करतात, आणि पुढे कधी काढावी लागली तर काढता येईल का हेही पाहतात.

तडे जोडण्याची परिसीमा पाहायची तर इंग्लंडमधल्या यॉर्कला. तिथल्या कॅथेड्रलला ९ जुलै १९८४ च्या पहाटे आग लागली. दक्षिणेकडची मोठी गोल खिडकी पडली नाही, पण आचेनं तिच्या काचांना सुमारे ४०,००० तडे गेले. हात लावला तर चुरा होईल अशी अवस्था. पीटर गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तुकडे खास चिकटद्रव्यानं धरून दोन स्वच्छ काचांच्या मध्ये पक्के केले आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची ती काच पुन्हा वर चढली. नवी खिडकी करणं कितीतरी सोपं झालं असतं.

आणि पुसलेली रेघ? तिच्यावर पुन्हा रंगवून भाजायचं, हा मोह सर्वांना होतो. तो आवरावा लागतो. एकदा तडकलेली, शंभर वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली काच भट्टीत पुन्हा घातली तर मोडू शकते. शिवाय नवी रेघ जुन्या रेघेवर एकदा वितळून बसली की मूळ हात कोणता, उसना हात कोणता, हे कायमचं हरवतं. म्हणून एक सुंदर तोडगा आहे. पातळ बिनरंगी काचेचा, त्याच आकाराचा दुसरा तुकडा कापतात. त्यावर फक्त हरवलेल्या रेघा रंगवून भाजतात. तो जुन्या तुकड्याच्या मागे, त्याच शिशात बसवतात. आरपार उजेडात दोन्ही एक होतात आणि चेहरा पुन्हा पाहू लागतो. उद्या कुणाला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला, जुना फोटो सापडला, तर मागचा तुकडा काढून घ्यायचा. जुन्याला ओरखडाही नाही.

आमच्या शेजारी येवला. पैठणीचं रफू करणारे हात आम्ही जवळून पाहिलेले. चांगलं रफू सापडू नये, यातच त्याची शान. काचेचं काम त्याच्या अगदी जवळचं असूनही इथे एक पायरी वेगळी आहे. दहा फुटांवरून दिसू नये, पण हातात घेतल्यावर नवं काय ते ओळखू यावं. रंगीत काचांच्या अभ्यासकांच्या कॉर्पस विट्रियारम या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८९ मध्ये जी तत्त्वं मांडली आणि २००४ मध्ये सुधारली, त्यांचा गाभा हाच: कमीत कमी हात लावा, लावलेला हात परत काढता यावा, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवा.

ही शिस्त आपल्याकडे आली आहे, याचा मला फार आनंद वाटतो. स्वाती चांदगडकर यांनी दीक्षान्त सभागृहाच्या आणि राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयाच्या काचांवर काम केलं आहे. ग्रंथालय आणि मनोऱ्याचं जतनकाम वास्तुरचनाकार वृंदा सोमय्या यांच्या मार्गदर्शनाखाली झालं आणि २०१५ मध्ये पुरं झालं. काळाघोड्याजवळचं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. तिथल्या रंगीत खिडक्यांतून पडणारा उजेड एकदा जाऊन पाहावा असा आहे. मात्र दुरुस्त खिडकीचं पुढचं आयुष्य रखवालीवर ठरतं. बाहेरून साध्या काचेचं आवरण घालायचं तर मधली हवा खेळती ठेवावी लागते. नाहीतर दोन काचांच्या मध्ये बाष्प कोंडतं आणि ज्या ओलीपासून वाचवायचं ती आतच अडकते. मुंबईच्या पावसाळ्यात ही बारीकशी गोष्ट सगळं ठरवते.

आमच्या निफाड तालुक्यातल्या, किंवा कुठल्याही गावातल्या जुन्या घरांत शिशाच्या पट्ट्या सहसा सापडत नाहीत. इथे काच लाकडात बसते, खिळपट्टीनं धरलेली. काम त्यामुळे सोपं आहे आणि धोकाही त्यामुळेच आहे: कुणीही पक्कड घेऊन तावदान उचकटू शकतो. घर पाडताना दारं-खांब विकले जातात, काचा ढिगाऱ्यात जातात. ज्यांच्या घरी अशी तावदानं आहेत त्यांना मी हात जोडून सांगते. रंगवलेली काच ओल्या फडक्यानं पुसू नका, सुक्या मऊ ब्रशनं धूळ उडवा. फुटली तर सगळे तुकडे, अगदी नखाएवढेसुद्धा, वेगवेगळे कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. एम-सील, फेव्हिक्विक, सेलोटेप लावू नका. ते काढताना रंग बरोबर येतो. आणि आज, ती धड आहे तोवर, तिचा एक फोटो आरपार उजेडात घ्या. आमच्या गुलाबाचा एकही फोटो नाही.

तो नाही, म्हणून मी बरीच वर्षं त्या तावदानाकडे पाहायचंच टाळलं. मग काचेच्या जतनाबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. रंग उडून गेला तरी जिथे रेघ होती तिथला काचेचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा वेगळा राहतो, कारण इतकी वर्षं रेघेनं तो झाकलेला असतो. आरपार उजेडात तो फरक कळत नाही. पण दिवा अगदी आडवा धरला, काचेला घासून जाईल असा, तर गेलेल्या रेघेची सावली उमटते. जाणकार अशा सावल्या वाचूनच हरवलेला चेहरा पुन्हा मांडतात.

गेल्या पावसाळ्यात विंचूरला होते. संध्याकाळी वीज गेली आणि घर अंधारात बुडालं. मी शिडी लावली, बॅटरी घेतली आणि मधल्या तावदानाच्या कडेला टेकवून आडवी धरली. आधी धूळ दिसली, मग माझ्याच शेंडीचे गोल गोल ओरखडे. हात जरा खाली केला. पिवळ्या डागाच्या डावीकडे, ओरखड्यांच्या खालून, श्वासाच्या वाफेनं काढावी तशी एक रेघ आली. मग तिला फुटलेली दुसरी. पानाची शीर.

दुसऱ्या दिवशी ट्रेसिंग कागद लावून, खोली अंधारी करून मी बसले. तीन पानं मिळाली, एक अर्धं. काटे चार. शिरा मोजून एकोणीस. देठाच्या खालच्या टोकाला, जिथे मी सर्वांत जोरात घासलं होतं, तिथे काहीच उमटलं नाही. तेवढा कागद कोरा ठेवला आहे.